करडेकाकांचा तिसरा गिअर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या करडेकाकांच्या स्कूटरचं इंजिन ऐन भाऊबिजेच्या दिवशी कात्रजच्या घाटात बसलं, ते काकांच्या चुकीने नव्हे. माझ्यामुळे बसलं. याला आता सोळा वर्षं झाली. एवढ्या काळात इमारतीला दोनदा रंग लागला, चार सेक्रेटरी बदलले, मला चष्मा लागला आणि साखर निघाली. करडेकाकांनी मात्र ती चूक स्वतःच्या नावावर ठेवून घेतली आहे, आणि घरी येईल त्याला ते ती आपणहून दाखवतात.

पण एकदम तिथे गेलं तर काका कोण ते कळायचं नाही. आणि काका कळले नाहीत तर मी काय केलं तेही कळायचं नाही.

लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, करडेकाका व्हर्निअर ठेवत. म्हणजे जाडी मोजायचं ते सरकत्या जबड्याचं पोलादी माप. एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांनी छत्तीस वर्षं काढली. तिथे मिलिमीटरचा शंभरावा भाग इकडचा तिकडे झाला की अख्खं काम भंगारात जाई. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, पण तो शंभरावा भाग काही सुटला नाही. सुलूकाकूंनी ताटात पोळी वाढली की काका आधी व्हर्निअर लावत. "मध्ये एक पूर्णांक आठ, कडेला अडीच. आज लक्ष नव्हतं तुझं." काकू भाजी वाढता वाढता म्हणत, "घशाखाली गेल्यावर सगळं एकच होतं. जेवा."

माझी त्यांची ओळखही मापानेच झाली. धनकवडीत आम्ही राहायला आलो त्या दिवशी टेम्पोतून आमचं लोखंडी कपाट उतरत होतं. हमालांनी विचारलं, दारातून जाईल ना? मी म्हटलं, जाईल की. मागून आवाज आला, "किती?"

मी वळलो. उंच, वाळकुडे, अर्ध्या बाह्यांच्या शर्टातले एक गृहस्थ उभे होते.

"काय किती?"

"कपाट किती आणि दार किती. जाईल की म्हणजे काय? तोंडी नको. मोजून सांगा."

मी मोजलं नाही. त्यांनी मोजलं, आणि चार मिलिमीटरने अडेल म्हणून सांगितलं. हमाल हसले, त्यांनी जोर लावला, कपाट दारात जे रुतलं ते बाहेर काढायला तासभर गेला. तेवढा वेळ काका बाजूला उभे राहून वर्तमानपत्र वाचत होते. कपाट निघाल्यावर घडी घालून जाताना एवढंच म्हणाले, "चार."

सगळ्या इमारतीने हे सोसलं होतं. सेक्रेटरींनी बैठकीत टाकी निम्मी भरते असं म्हटलं की काका विचारत, निम्मी कोणी मोजली? डॉक्टर थोडा ताप आहे म्हणाले की, थोडा म्हणजे किती? दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीला बघायला स्थळ आलं, तेव्हा मुलगा पाच फूट दहा इंच आहे असं त्याच्या मामांनी सांगितलं. काकांनी मुलाला अदबीने चहा दिला आणि तितक्याच अदबीने दाराच्या चौकटीशी उभं केलं. मुलगा पाच-आठ भरला, तोही बुटांसकट. लग्न झालं. पण वधूच्या आईने काकांना पुढची दोन वर्षं संक्रांतीचा तिळगूळ दिला नाही. काकांना त्याचं नवल वाटलं. "मी वाईट काय बोललो? मी आकडा बोललो."

एकदा मी त्यांना विचारलं, लोक एवढं खोटं बोलतात असं वाटतं का तुम्हाला? ते म्हणाले, "माणूस खोटं बोलत नाही रे. माणूस अंदाजे बोलतो. ते जास्त वाईट." त्यांचे वडील कसब्यातले तांबट. हंड्यावर हातोडी मारून नुसत्या आवाजावरून पत्रा कुठे पातळ झालाय ते सांगत. "मला तो कान नाही," काका म्हणाले, "म्हणून मी माप धरलं." हे सांगताना त्यांचा चेहरा जरा उतरला होता.

आता स्कूटर.

काकांची स्कूटर त्यांच्या लग्नाच्या वयाची असावी इतकी जुनी. काकूंचं माहेर घाटापलीकडच्या एका खेड्यात. लग्नानंतरच्या पहिल्या भाऊबिजेपासून दोघं स्कूटरवरून तिकडे जात, आणि दरवर्षी घाटातल्या एका ठरावीक वळणावर स्कूटर दम टाके. तिसऱ्या गिअरवरून दुसरा, दुसऱ्यावरून पहिला, मग काका खाली मान घालून म्हणत, "सुलू, उतर." काकू फराळाचा डबा आणि ओवाळणीचं ताट असलेली पिशवी घेऊन उतरत आणि चढ चालत चढत. काका वर बोगद्याशी त्यांची वाट बघत थांबत. पलीकडे पोचल्यावर काकूंचा धाकटा भाऊ दारातच उभा असे. त्याची थट्टा ठरलेली. "ताई, चालतच आलीस व्हय? मग दाजींना कशापायी आणलंस?"

भाऊ हे प्रेमाने म्हणे, सगळे हसत, काकूही हसत. काका हसत नसत. छत्तीस वर्षं तेच वळण आणि तेच वाक्य. निवृत्त झाल्यावर गुढीपाडव्याच्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, की यंदाच्या भाऊबिजेला सुलू स्कूटरवरून उतरणार नाही. घाट तिसऱ्यात चढायचा.

मी म्हटलं, नवी गाडी घ्या. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना नवी बायको घ्या म्हणालो. मग म्हटलं, निदान नव्या रस्त्याने जा, तिथे चढ कमी आहे. तेही पटलं नाही. ज्या वळणावर ती उतरली तेच वळण हवं होतं त्यांना.

मग पार्किंगमध्ये त्यांच्या लाकडी बाकावर इंजिन उघडलं गेलं. मी त्या वेळी छत्तिशीचा, हडपसरला एका कंपनीत माल रवाना करण्याच्या विभागात कामाला. रविवार मोकळा. टॉर्च धरायचं काम माझ्याकडे आलं. "सबनीस, उजेड कामावर पाड. माझ्या टकलावर नको." सात महिन्यांत मला टॉर्च धरता यायला लागला, यापलीकडे मी काही शिकलो असं त्यांना वाटत नव्हतं.

इंजिनाची ताकद वाढवायची म्हणजे काय, ते त्यांनी मला पोराला समजवावं तसं समजावलं. सिलिंडरच्या भिंतीत भोकं असतात, त्यातून इंजिन श्वास घेतं. त्या नाकपुड्या त्यांनी बारीक कानशीने तासून रुंद केल्या. रोज पाच मिनिटंच, जास्त नाही, कारण काढलेलं परत लावता येत नाही. वरचं झाकण, ज्याला हेड म्हणतात, ते काचेवर पॉलिश पेपर पसरून आठच्या आकड्यात तीन आठवडे घासलं, म्हणजे आतली जागा कमी होऊन दाब वाढावा. सिलिंडर आतून जरा मोठा करून त्यात एका मापाने मोठा पिस्टन बसवायचा होता. हे काम एरवी बाहेर देतात. काकांनी एका जुन्या सहकाऱ्याच्या शेडमधलं मशिन रविवारपुरतं मागून घेतलं आणि स्वतःच्या हाताने केलं. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामधली फट सहा ठिकाणी मोजून वहीत लिहिली. "ही फट म्हणजे सगळं," ते म्हणाले. "कमी झाली तर तापल्यावर पिस्टन अडकेल. जास्त झाली तर वाजेल. बाकीचं इंजिन कुणीही जोडतो."

काकूंनी हे सात महिने कसे काढले ते त्यांनाच माहीत. बेअरिंग गार केलं की आकसतं आणि जागेवर सहज बसतं, म्हणून काकांनी नवी बेअरिंगं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रिजमध्ये बर्फाच्या खणात ठेवली होती. पाहुण्यांना सरबत द्यायला काकूंनी अंधुक उजेडात हात घातला आणि ग्लासात बर्फाऐवजी बेअरिंग पडलं. पाहुणे घाबरले. काका धावत आले आणि ग्लासात बघून म्हणाले, "ओलं केलंस ना."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, त्यांनी बाकावर सगळी हत्यारं मांडून पूजा केली. व्हर्निअरला कुंकू लावलं आणि लगेच पुसून टाकलं, मापात फरक नको म्हणून. मग स्कूटरला किक मारली. पूर्वी ती कफ झालेल्या माणसासारखी सुरू व्हायची. त्या दिवशी असा खणखणीत, मोकळा आवाज आला की कंपाउंडवरचे कावळे उडाले आणि तिसऱ्या मजल्यावरची बाई आमचं बाळ उठलं म्हणून भांडायला खाली आली. काकांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

नवं इंजिन आधी हळू चालवून मुरवावं लागतं. दसरा ते दिवाळी काका रोज सकाळी स्वारगेटपर्यंत ताशी पस्तीसच्या वेगाने जाऊन येत. शाळेची पोरं सायकलवरून त्यांना मागे टाकत. स्कूटरच्या मागे त्यांनी एक पत्रा लावला होता. त्यावर लिहिलं होतं, "इंजिन नवीन आहे. मालक जुना आहे. दोघांनाही घाई नाही."

भाऊबिजेला आठवडा राहिला असताना माझी मोटरसायकल बिघडली आणि मला सुट्टीच्या दिवशी कामासाठी हडपसरला जावं लागलं. मी काकांकडे स्कूटर मागितली. त्यांनी ती आजवर कुणालाही दिली नव्हती. तरी मला त्यांनी नाही म्हटलं नाही. मग आत जाऊन बाटली आणली.

या जुन्या स्कूटरना पेट्रोलमध्ये तेल मिसळून घालावं लागे. इंजिनाला आतून जी ओल मिळते ती त्या तेलाची. नुसतं पेट्रोल घातलं की आत कोरडं घासतं. काका हे मिश्रण घरी, काचेच्या बाटलीवर पट्ट्या चिकटवून, स्वतः करत. पंपावर मिळणाऱ्या तेलावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. त्यांनी टाकीत मिश्रण घातलं, लाकडी पट्टी बुडवून पाहिली आणि म्हणाले, "जाऊन येऊन पुरेल आणि उरेल. वाटेत काही भरू नकोस. पंपावरचं तेल घालू नकोस. चाळिसाच्या वर जाऊ नकोस." मी तीनदा हो म्हटलं.

जाताना मी चाळिसाच्या वर गेलो नाही. काम झालं, आता सरळ घरी यायचं होतं. त्याऐवजी, कशासाठी ते मला आजही नीट सांगता येत नाही, मी उलट दिशेला, सोलापूर रस्त्याला लागलो. रस्ता मोकळा होता, ऊन कोवळं होतं. मी फक्त थोडीशी मूठ पिळली. त्या म्हाताऱ्या गाडीने मागून कुणी ढकलावं तशी झेप घेतली. सात महिने मी उजेड धरून जे बघितलं होतं ते आता माझ्या हाताखाली धावत होतं. मी साठला गेलो, सत्तरला गेलो. मोठ्याने हसलो असेन, तोंडात धूळ गेल्याचं आठवतं.

परत फिरलो आणि गाडी आचके द्यायला लागली. पेट्रोल संपत आलं होतं. समोर पंप होता. नळी धरलेल्या माणसाने विचारलं, ऑईल घालायचं का साहेब? मागे रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मी म्हटलं, नको, नुसतं भर. काकांनी पंपावरचं तेल घालू नकोस म्हणून बजावलं होतं ना, तेवढंच मला त्या क्षणी सोयीचं आठवलं. टाकीत थोडं जुनं मिश्रण आहे, त्यात भागेल, असंही मी स्वतःला सांगितलं. मी अंदाजे बोललो.

आणि त्यानंतरही मी वेग कमी केला नाही. हडपसरच्या अलीकडे आवाज एकदम तुटला, मागचं चाक क्षणभर जागच्या जागी अडलं. मी क्लच दाबला आणि कडेला थांबलो. इंजिनाला हात लावता येत नव्हता. मी एका रसवंतीत बसून दोन ग्लास उसाचा रस प्यायलो. अर्ध्या तासाने किक मारली, गाडी सुरू झाली. मला वाटलं, सुटलो.

काकांनी मीटर बघितलं. बावीस किलोमीटर जास्त कसे? मी म्हटलं, रस्ता खोदलाय, वळसा पडला. पुण्यात हे कुणीही मान्य करतं. मग त्यांनी टाकीत पट्टी बुडवली. मी जेवढं जास्त जाळलं होतं तेवढंच जवळपास भरलं होतं, त्यामुळे पट्टी ओली व्हायची तितकीच झाली. त्यांनी समाधानाने मान हलवली आणि विचारलं, "कशी आहे?"

मी म्हटलं, "छान आहे काका." ते खरं होतं.

भाऊबिजेला सकाळी निम्मी इमारत फाटकाशी उभी होती. काकूंनी हिरवी नवी साडी नेसली होती, मांडीवर पिशवी. काकांनी स्कूटरला झेंडूची माळ घातली होती, व्हर्निअर खिशात. "तिसऱ्यात," ते स्वतःशीच म्हणाले आणि निघाले. मी वरच्या गॅलरीतून बघत होतो. खाली गेलो नाही.

दुपारी दोनच्या सुमाराला एक टेम्पो आला. पुढे ड्रायव्हरशेजारी काकू बसल्या होत्या. मागे हौद्यात, विसर्जनाला निघालेल्या मूर्तीला धरावं तसे, स्कूटरला धरून काका उभे होते. माळ तशीच होती. स्कूटर उतरवताना काकू मला हळूच म्हणाल्या, "अरे, ते वळण पार केलं रे यांनी. तिसऱ्यातच. त्याच्यापुढे दोनशे पावलं गेलो असू, आणि मग एकदम अडकली." काकांनी ऐकलं. "घाट दोनशे पावलांचा नाही," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी इंजिन उघडलं. टॉर्च माझ्या हातात होता. पिस्टन बाहेर आला, त्याच्या अंगावर सगळीकडून उभे ओरखडे होते, चमकणारे, कोरडे. काकांनी तो उजेडात फिरवून फिरवून पाहिला. मग नखाने एक ओरखडा चाचपला.

"हे तेल न मिळाल्यासारखं दिसतंय," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "सबनीस, वाटेत नुसतं पेट्रोल भरलं होतंस का?"

"नाही काका."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पंपाची पावती, वेळ, काही नाही. मान हलवली, पिस्टन पुसला, आणि वही काढून ती फटीची सहा मापं वाचली. एकदा वरून खाली, एकदा खालून वर. मग वही मिटली. "आकडे बरोबर आहेत," ते म्हणाले, "म्हणजे मापं घेताना हाताने दगा दिला. वय झालं."

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. तेव्हा नाही तर त्या संध्याकाळी, नाही तर दुसऱ्या दिवशी. दिवाळीचे पाहुणे, मग ऑफिस. मी उद्यावर टाकत गेलो, आणि आठवड्याने काकांकडे गेलो तर तो पिस्टन घासूनपुसून टीव्हीशेजारी कपाटावर मांडलेला. सेक्रेटरी बसले होते. काका त्यांना दाखवत होते, "ही माझी चूक. छत्तीस वर्षं टूलरूममध्ये काढली आणि फट चुकलो." सेक्रेटरी जरा जास्तच हसले. तिळगुळवाल्या बाईंनाही त्यांनी तो बोलावून दाखवला. आता त्यांच्यासमोर ती चूक माझी आहे म्हणून सांगायचं म्हणजे एवढ्या साऱ्या लोकांकडून ती परत मागून घ्यायची होती. माझ्याने झालं नाही.

व्हर्निअर खिशातून गेला. सुरुवातीला इमारतीने सुटकेचा निःश्वास टाकला. सहा महिन्यांनी बैठकीत कुणीतरी टाकी निम्मी भरते म्हणालं आणि सगळ्यांनी सवयीने काकांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. सेक्रेटरींनाच चुकल्याचुकल्यासारखं झालं, त्यांनी आपणहून सांगितलं की मी मोजलेलं नाही. स्कूटर भंगारात गेली. पुढच्या वर्षापासून भाऊबिजेला दोघं एसटीने जायला लागले.

काकू तीन वर्षांपूर्वी गेल्या. त्याआधी एका दुपारी मी प्रसाद द्यायला खाली गेलो तेव्हा काका बँकेत गेले होते. काकू दारात बसून लसूण सोलत होत्या. त्या मला बस म्हणाल्या, आणि काही विचारलेलं नसताना सांगायला लागल्या. काका रोज सकाळी उठले की दोन्ही हात समोर धरतात आणि बोटांवर वर्तमानपत्राचा कागद ठेवून बघतात, थरथरतो का. थरथरत नाही. तरी रोज बघतात. डॉक्टरांकडे जाऊन आले, डॉक्टर म्हणाले हात उत्तम आहेत. मग डोळे असतील म्हणून तीन चष्मे बदलले.

"मला सांग," काकू म्हणाल्या, "मी कधी म्हटलं होतं का, मला चालावं लागतं म्हणून? उलट मला ती घाटातली दहा मिनिटं आवडायची. कुणी काही मोजत नसायचं." त्या हसल्या. मग लसणाकडे बघत म्हणाल्या, "माझा भाऊ त्या वर्षी यांना म्हणाला होता, दाजी, गाडी त्या सबनीसांनी नेली व्हती न्हवं? त्यांनीच काय तरी केलं आसंल. तर हे त्याच्यावर चिडले. म्हणाले, मी त्याला विचारलंय. तो नाही म्हणालाय. विषय संपला."

ज्या माणसाने सख्ख्या बायकोची पोळी कधी तोंडी मान्य केली नाही, त्याने माझं एक 'नाही' न मोजता घेतलं होतं. समोर पिस्टन दुसरंच सांगत असताना घेतलं होतं. पिस्टन आणि मी यांत खोटं कोण, हे ठरवायची वेळ आली तेव्हा त्यांनी दोघांनाही सोडलं आणि स्वतःच्या हाताला खोटं पाडलं. काकू माझ्याकडे बघत होत्या. त्यांना काही कळलं होतं का, मला माहीत नाही. त्यांनी चहा टाकू का म्हणून विचारलं. मी नको म्हणून वर आलो.

काका आता शहात्तर वर्षांचे आहेत. एकटेच राहतात. मुलगी खराडीला असते, ती चल म्हणते, हे जात नाहीत. पाहुणा आला तर चहा त्यालाच ओतायला लावतात. कानाला मशिन लागलंय. त्याची बॅटरी हरभऱ्याच्या डाळीएवढी, ती दर आठवड्याला बदलावी लागते आणि त्यासाठी मी रविवारी खाली जातो. आपल्या हाताचा भरवसा नाही, असं ते सांगतात.

परवाच्या रविवारीही गेलो. त्यांनी मशिन कानातून काढून माझ्या तळहातावर ठेवलं. अलीकडे माझे हात कापतात. बॅटरी दोनदा खाली पडली, तिसऱ्यांदा जागेवर जाईना. तेव्हा काकांनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात कोरडा आणि गार होता, आणि जराही हलत नव्हता. त्यांच्या धरण्याने माझाही थांबला. बॅटरी बसली.

मशिन अजून माझ्याच हातात होतं. त्याच्याशिवाय त्यांना काही ऐकू येत नाही. मी त्यांच्याकडे बघून म्हणालो, "काका, पेट्रोल मी भरलं होतं. तेल घातलं नव्हतं. तुमची फट बरोबर होती." स्वच्छ म्हणालो, नेहमीच्या आवाजात.

त्यांनी मशिन घेऊन कानात बसवलं. "काय म्हणालास?"

"काही नाही. नीट बसलं का विचारलं."

"बसलं," ते म्हणाले आणि हसले. "तू करतोस ना, म्हणून काळजी नाही."

हे इथे लिहिलं, पण काका आता वर्तमानपत्राच्या मथळ्यांपलीकडे वाचत नाहीत. त्यामुळे लिहिल्याने काही होत नाही. मशिन कानात असताना, समोर बसून, तीच तीन वाक्यं मला त्यांना सांगायची आहेत. आणि चौथं हे, की तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो. एवढं मी करडेकाकांचं देणं लागतो, आणि ते मी अजून दिलेलं नाही.